बेड्यांचा मान

हेराइस म्हातारी मला बघून तिवईवरून उठली. एवढंच झालं. कालव्याकडच्या गल्लीत ती मुळ्याच्या बियांचं तेल विकते. गुडघे कधीच गेलेले, त्यामुळे गिऱ्हाईक कितीही मोठं असो, ती बसल्या बसल्याच माप भरते. मी आपला बुधली घेऊन गेलो होतो. ती भिंतीला दोन्ही हात टेकत उठली, बाहीनं तिवई पुसली आणि म्हणाली, "बसा. अध्यक्षांनी उभं राहू नये." मी म्हटलं, "कोण अध्यक्ष?" "घ्या. म्हणजे मंडळीच्या वडिलांनी तुम्हाला अजून सांगितलंच नाही वाटतं. आम्हा बायकांना परवाच कळलं." असं म्हणून तिनं माझं डावं मनगट उलटं केलं आणि बेडीचा पांढरट वण होता तिथे ओठ टेकले. मागे तीन गिऱ्हाइकं उभी होती, त्यातला एक तर आमच्या ख्रिस्ती मंडळीतलाही नव्हता, थोएरिस देवीच्या देवळातला झाडूवाला होता, आणि तोही अदबीनं बघत होता. हात ओढून घ्यायला हवा होता. उभं तरी राहायला हवं होतं. पण मी बसलो. माझा स्वभावच असला मेला, कुणी तिवई पुढे सरकवली की मी बसतो.

तेल घेऊन घरी आलो. खरं तर मला कळायला हवं होतं. म्हातारे थोनिस, आमचे अध्यक्ष, पुराचं पाणी ओसरलं त्याच आठवड्यात गेले. तेव्हापासून त्यांची खुर्ची भिंतीला टेकून रिकामी होती, आणि प्रभूच्या दिवशी सगळी मंडळी प्रार्थनेला हात वर करायची तेव्हा डोळे तिकडेच जायचे. तिथे बसवायला माणूस कुठून आणायचा? आमच्यात वडील, म्हणजे मंडळीचे कारभारी, चार. त्यातले दोघे, सगळ्यांनी देवांना यज्ञ करावा असा सम्राटाचा हुकूम आला त्या वर्षी, देवळात जाऊन धूप टाकून आले, ते आता वडील राहिले नाहीत, प्रार्थनेच्या वेळी दाराबाहेर उभे असतात. तिसरे अफूस. ते हुकूम निघाला त्याच दिवशी लव्हाळ्यांत पळाले, तिथे बोरू कापणाऱ्यांबरोबर आठ महिने राहिले आणि सगळं निवल्यावर खरूज घेऊन परत आले. पळणं पाप नाही, पण पळालेल्याला खुर्चीत बसवत नाहीत. चौथा मी. मी विणकर, होरियोन, बेडी घातलेला, न वाकलेला. या ऑक्सिरिंखस शहरात असा जिवंत उरलेला मी एकटाच.

न वाकलेला. हा शब्द तीन वर्षं माझ्या अंगावर आहे. दुसऱ्याचा अंगरखा घालावा तसा, काखेत काचतो, आणि काढायला जावं तर खाली काही नाही.

झालं होतं ते असं. यज्ञाला हजर राहिलो नाही म्हणून मला धरलं आणि देवळाच्या धान्याच्या जुन्या कोठारात टाकलं. अकरा दिवस. बेडी खरी होती, त्यात खोटं काही नाही. वणही खरा. सातव्या दिवशी ताप चढला. अकराव्या दिवशी आम्हाला मागच्या अंगणात आणून रांगेत उभं केलं. पुढे वेदी होती, धुपाचं ताट होतं, शिजवलेल्या मांसाचं पातेलं होतं. प्रत्येकानं चिमूटभर धूप टाकायचा, थेंबभर द्राक्षारस ओतायचा, मांसाचा एक तुकडा खायचा आणि बाजूच्या मेजावर जाऊन दाखला घ्यायचा. नाही म्हणेल त्याला पुन्हा बेडी आणि पुढे खाणीत. माझ्यापुढे सहा माणसं होती. हे मला पक्कं आठवतं, कारण मी मोजत होतो आणि सहावर येऊन पुन्हा पुन्हा चुकत होतो. दात वाजत होते. मी काय करणार होतो ते मला ठाऊक नाही. देवाशपथ सांगतो, आजही ठाऊक नाही. आमच्यात शपथ घेत नाहीत, पण राहवत नाही. मेजावर बेसास कारकून होता. त्याच्या मुलीच्या लग्नाचं कापड मीच विणलं होतं. दुपार टळायला आली होती, माणसं संपत नव्हती, शाई वाळत होती. त्यानं मान वर न करता मला रांगेतून बाजूला ओढलं आणि विचारलं, "होरियोन ना तू? झालं ना तुझं?" मी म्हटलं, "झालं."

त्यानं लिहिलं. वय अडतीस, डाव्या गुडघ्यावर व्रण. मी नेहमीच देवांना यज्ञ करत आलो आहे, आजही तुमच्यासमोर अर्पण केलं आणि प्रसाद चाखला. खाली त्यानं आपली सही केली, यज्ञ करताना पाहिलं म्हणून. बेडी काढली. त्यानं मेहेरबानी केली की त्याला घरी जायची घाई होती, कोण जाणे. वेदीकडे मी गेलोच नाही. तुकडा खाल्ला नाही. नाहीही म्हटलं नाही. एक शब्द बोललो, तोही कुणी विचारला म्हणून. यज्ञ केलेले लोक देवळाच्या दारानं बाहेर पडत होते, बोटांना चरबी लागलेली. मी कोठाराच्या दारानं बाहेर पडलो, कारण माझी पांघरायची चादर तिथे होती. एका चादरीपायी सगळा घोटाळा. दाखला कालव्यात टाकला, दहा पावलं चाललो आणि पडलो. हेराइसनं पाहिलं. कोठाराच्या दारातून बाहेर आला, हातावर ताजा वण, म्हणजे हा वाकला नाही आणि अधिकाऱ्यांनी कंटाळून सोडला. इतर शहरांत तशी सोडलीही होती माणसं. नऊ दिवस मी तापात होतो. डोळे उघडले तोवर सगळ्यांचं ठरून गेलं होतं. माझ्या खाटेभोवती लोक गुडघ्यावर बसले होते आणि कुणीतरी माझा हात धरून रडत होतं.

तेव्हा बोलायला हवं होतं. पण तेव्हा ओठ फुटले होते, पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. मग पहिला प्रभूचा दिवस आला. मला खांद्याला धरून नेलं आणि थेट वडिलांच्या बाकावर बसवलं. आमच्याकडे वडील करताना अध्यक्ष डोक्यावर हात ठेवतात, पण बेडी सोसलेल्यावर ठेवत नाहीत. त्याच्यावर बेडीनंच हात ठेवलेला असतो म्हणतात. हा बेड्यांचा मान. थोनिस काही बोलायला तोंड उघडणार तोच बायकांच्या बाजूनं माझी बायको उभी राहिली. तैसिस. कडेवर तेकूस, आमची मुलगी, दोन वर्षांची. तैसिस म्हणाली, "मी खाल्लं. कोतवालाची माणसं घरी आली. पोरीला हातातून काढून घेतली, म्हणाली, जाऊन ये, मग देतो. मी गेले, धूप टाकला, मांस खाल्लं, पोरगी घेऊन घरी आले. मी पडले. काय ते तुम्ही ठरवा." आवाज जरासुद्धा कापला नाही तिचा. भाजीचा भाव सांगावा तशी सांगून मोकळी झाली. तिला दाराबाहेर पाठवलं. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत शरम होती, पण अभिमान जास्त होता. एवढं तरी बरं की घरातला एक उभा राहिला, असं काहीसं. मी त्या बाकावर बसून होतो आणि माझ्या मागची भिंत गार लागत होती. तिच्यामागून चार पावलं चालत गेलो असतो तर सगळं निस्तरलं असतं. चार पावलं. नंतर ती वाढतच गेली.

तीन वर्षं. दर प्रभूच्या दिवशी आम्ही घरून बरोबर निघतो. ती माझा अंगरखा झटकून देते, वाटेत तेकूसचं नाक पुसते, दाराशी आलं की ती उंबऱ्याबाहेर थांबते आणि मी आत जाऊन बाकावर बसतो. बाहेर अशा पडलेल्या, यज्ञ केलेल्या माणसांची रांग असते, त्रेचाळीस जण आहेत, आत जाणाऱ्यांना विनवतात, आमच्यासाठी प्रार्थना करा. तैसिस मलाही विनवते. नियमच आहे तसा. सकाळी जिनं मला मसूर वाढले तीच वाकून म्हणते, "वडील, माझ्यासाठी प्रार्थना करा," आणि मी म्हणतो, "करतो." वचन वाचून झालं की द्वारपाल दार लावतो, मग आत भाकर मोडतात. दाराच्या पलीकडून तिचा खोकला ऐकू येतो. मला तो इतरांच्या खोकल्यातून ओळखता येतो. घरी आल्यावर ती विचारते, आज काय वाचलं, आणि मी सांगतो. मुलीला ती सांगते, बाबांसारखं व्हायचं. कधी कधी मागावर बसलो की धोटा हातातच राहतो. धागा तुटला का, ती विचारते. मी हो म्हणतो. हेसुद्धा खोटंच.

तेलाच्या दुकानातल्या त्या दिवसानंतरच्या सोमवारी अफूसनं बोलावलं. सोमवारी वडील मंडळीतली भांडणं ऐकतात, पण त्या दिवशी भांडणारं कुणी नव्हतं. अफूस पायाला औषध चोळत बसले होते. खरूज गेली, पण खाज राहिली. ते म्हणाले, "ये होरियोना. म्हातारीनं फोडलंच ना शेवटी? तिच्या पोटात काही राहत नाही. या प्रभूच्या दिवशी तुझ्या डोक्यावर हात ठेवायचे. नदीच्या वरच्या अंगाच्या दोन शहरांतले अध्यक्ष येतायत." मी ठरवून गेलो होतो. रस्त्यात शब्दसुद्धा जुळवले होते. मी म्हटलं, "मी लायक नाही." अफूस हसले. "थोनिस काय म्हणाले होते माहीत आहे ना? त्यांना अध्यक्ष करायचं ठरलं तेव्हा मी लायक नाही म्हणत जवसाच्या कोठीत लपून बसले होते तीन दिवस. लायक नाही म्हणणाराच बसतो तिथे. मी लायक आहे म्हणणाऱ्याला आपण दारात तरी उभं करू का?" तेव्हा मला कळलं की मी किती अडकलोय. हेच वाक्य प्रत्येक जण बोलतो. बोलायचंच असतं. खरं सांगायला दुसरं वाक्य मला सुचत नव्हतं, आणि जे सुचत होतं त्यात बेसास होता, सहा माणसं होती, चादर होती.

तरी मी सांगितलं. सगळं सांगितलं, बेसासपासून कालव्यापर्यंत. अफूसांचा हात पायावर थांबला. मग म्हणाले, "धूप टाकलास?" "नाही." "तुकडा?" "नाही." "मग कारकुनानं काय लिहिलं ते कारकुनाचं पाप." मी म्हटलं, "झालं म्हणालो मी." "तापात होतास. तापात माणूस आईलाही ओळखत नाही." "मी ओळखत होतो अफूस. बेसासला ओळखत होतो." ते एकदम चिडले. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "गप्प बस. ऐक आधी. वरच्या अंगाचे लोक काय म्हणतायत ठाऊक आहे? पडलेल्यांना मरेपर्यंत दाराबाहेर ठेवा. मरताना भाकरीचा तुकडा द्या, झालं. आपल्यात कुणी नसला तर ते त्यांचा माणूस पाठवतील. आत घेण्याचा शब्द कुणाचा चालतो? बेडी घातलेल्याचा. माझा नाही चालत, मी पळालो, मला लोक तोंडावर बोरूवाला म्हणतात. बाहेर त्रेचाळीस जण तीन वर्षं उभे आहेत. तुझी बायको त्यांत आहे. खुर्चीत बसलास की पहिलं काम, तिच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि आत घ्यायचं. अध्यक्षाला आपलं घर नीट चालवता यायला हवं, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात. तिच्यामागून बाकीचे. आता जा आणि चौकात ओरडून सांग, मी झालं म्हणालो. जा." मी गेलो नाही. दारापर्यंत गेलो तेव्हा ते मागून हळूच म्हणाले, "मला वाटत नाही का रे, आपण पळालो नसतो तर? पण माझ्या वाटण्याचं कुणाला काय उपयोग."

बाहेर ऊन होतं. धोब्यांनी कालव्याच्या काठी तागाची कापडं वाळत घातली होती, डोळे दिपत होते. मी स्वतःशी हिशेब जुळवत होतो. बोललो तर मी मोकळा, आणि ती मरेपर्यंत बाहेर. नाही बोललो तर ती आत. म्हणजे गप्प बसणं तिच्यासाठीच. किती सोयीचं. माझ्या भित्रेपणाला इतकं चांगलं कारण आजवर मिळालं नव्हतं, आणि ते कारण खोटंही नव्हतं, हीच तर पंचाईत. समोरून येणाऱ्या माणसानं वाट दिली. मी तीही घेतली.

शनिवारी दुपारी तैसिस सूत काढत बसली होती. तेकूस शेजारणीकडे गेलेली. तैसिस त्या आठवड्यात फार खुशीत होती, खुशी लपवत होती, ते आणखी वाईट दिसत होतं. तिनं जुना अंगरखा धुऊन ठेवला होता, स्वतःसाठी. म्हणाली, "अहो, आत आता कुठे उभं राहतात बायका? की मधे पडदा घातलाय? मला काही आठवेना झालंय." मी सांगितलं. पडद्याचं नाही, ते दुसरं. उभ्या उभ्या सांगितलं, तिच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत. चाती फिरत होती ती फिरतच राहिली. संपल्यावर तिनं विचारलं, "बेसासनं विचारलं म्हणून बोललात?" "हो." "तुकडा खाल्ला नाहीत." "नाही." "मी खाल्ला," ती म्हणाली. "मीठ बरोबर पडलं होतं. तीन वर्षं हेच डोक्यात घेऊन उभी आहे, की मीठ बरोबर होतं हे मला कळलं कसं." मी तिच्याजवळ बसायला गेलो तर म्हणाली, "तिथेच उभे राहा जरा." मी उभा राहिलो. "मी उठून बोलले त्या दिवशी तुम्ही बाकावर होतात." "हो." "आणि रोज घरी येऊन जेवलात." "हो." ती रडली असती तर बरं झालं असतं. आरडाओरडा केला असता, तोंडावर सूत फेकलं असतं. तिनं धागा संपवला, गाठ मारली आणि म्हणाली, "उद्या लवकर निघायला हवं, पाहुणे येणार." मी विचारलं, "मी काय करू?" ती म्हणाली, "मला विचारताय होय? अध्यक्ष तुम्ही होणार." आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी धरून बसलो असतो.

प्रभूच्या दिवशी आत माणूस मावत नव्हतं. दार उघडं होतं आणि उंबऱ्याबाहेर ते त्रेचाळीस जण, एरवी वाकलेले, आज टाचा उंचावून बघत होते. पाहुण्या अध्यक्षांपैकी थोरल्यानं मंडळीला विचारलं, हा लायक आहे का? रीतीप्रमाणे तीनदा विचारतात. पहिल्यांदा सगळे म्हणाले, लायक आहे. मी म्हटलं, "मी नाही." लोकांचे चेहरे उजळले. दुसऱ्यांदा विचारलं. मी म्हटलं, "बाहेर उभे आहेत त्यांच्यापेक्षा मी खालचा आहे." हेराइसनं हुंदका दिला, आणि बाहेरची एक म्हातारी डोळे पुसायला लागली. मी बेसासचं नाव घेणार होतो. ओठांवर होतं. पण दारात त्रेचाळीस तोंडं होती, त्यातली एकेक मला पाठ होती, आणि त्यात तैसिसचं तोंड मी शोधलं. ती इतरांसारखी टाचा उंचावून बघत नव्हती. मान खाली घालून उभी होती. तिसऱ्यांदा विचारलं. मी गप्प बसलो. डोक्यावर हात आले, आधी दोन, मग बरेच, घामट, जड. मान खाली दबत गेली. वर झालो तेव्हा अफूस म्हणाले, "बसा, अध्यक्ष." पहिल्यांदाच अहो-जाहो केलं त्यांनी. मी बसलो.

मग द्वारपालानं तैसिसचं नाव घेतलं. माणसं बाजूला झाली, वाट झाली. तिनं धुतलेला अंगरखा घातला होता. ती माझ्यासमोर येऊन गुडघ्यावर बसली. माझा हात उचलला गेला आणि तिच्या केसांपासून वीतभर वर राहिला, कारण तिनं मान वर केली होती आणि माझ्याकडे बघत होती. ती हळू बोलली, मला आणि अफूसलाच ऐकू जाईल इतकं. "माझं उभं राहून झालंय. तुमचं राहिलंय. घरातल्या कुणीतरी तुमच्या वाटचं उभं राहायला हवं." मी म्हटलं, "तैसिस, आत ये." "बाकीच्यांना घ्या," ती म्हणाली. "त्यांची वाट बघणं खरं आहे. हात नीट ठेवा त्यांच्यावर." आणि उठली. लोकांना काय दिसलं? अध्यक्षांच्या बायकोनं नवऱ्याच्या मानाचा फायदा घ्यायला नकार दिला. किती नम्र बाई, थोरला पाहुणा म्हणाला. ती गर्दीतून परत गेली. तिला वाट देताना कुणीतरी तिच्या बाहीला हात लावून कपाळाला लावला.

मग बाकीचे आले. एकेक. आधीचे ते दोन वडील, एक माठवाला, दोघी बहिणी, एक आंधळा. बेचाळीस डोकी. मी प्रत्येकावर हात ठेवला, नीट ठेवला, ती म्हणाली होती तसा. माझ्या हाताखाली ते हमसून रडत होते आणि उठताना माझं मनगट धरत होते. खोटं त्यात काहीच नव्हतं, त्यांचं रडणं खरं होतं, आत येणं खरं होतं. शेवटचा माणूस आत आला तेव्हा उंबऱ्याबाहेर जागाच जागा झाली होती, आणि तिथे ती एकटी, ऊन डोक्यावर घेऊन, हात पोटाशी धरून उभी. आता भाकर मोडायची वेळ झाली होती. भाकर मोडताना पडलेल्या माणसानं बघायचं नसतं, पण दार लावायला सांगणं आता माझ्याकडे होतं. द्वारपाल माझ्याकडे बघत होता. सगळे माझ्याकडे बघत होते. अजूनही उठता आलं असतं, खुर्चीपासून उंबऱ्यापर्यंत फार तर वीस पावलं. मी द्वारपालाला मान हलवली आणि त्यानं माझ्या बायकोच्या तोंडावर दार लावलं.